अकराची गाडी सव्वासातला

बंद झालेल्या गाडीने फिरायला म्हणून मी पुण्याहून सोलापूरला गेलो. खिशात एक जुनं कात्रण होतं: मोठ्या खिडक्यांच्या डब्यांची रविवारची पर्यटन गाडी, हिरेनाळच्या शिवमंदिरासाठी दोन तासांचा थांबा. कात्रणाची तारीख बघायची असते, हे मला सकाळी साडेसहाला सोलापूर स्टेशनात उतरल्यावर कळलं.

"ती कवाच बंद झाली," चहावाला म्हणाला. "हिरेनाळला जायचं तर अकराची धरा की."

अकराला बराच वेळ होता. मी भवानी पेठेत भटकलो, मागांचा खडखडाट ऐकला, दोन शेंगापोळ्या (शेंगदाणा-गुळाच्या पोळ्या) तूप लावून हाणल्या आणि साडेदहाला ऐटीत परत आलो. फलाटावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"अकराची?" चहावाला म्हणाला. "ती तुमी गेल्यावर सुटली की. सव्वासातला."

"मग तिला अकराची का म्हणता?"

"अकराचीच हाय ती. आता सव्वासातला सुटते, एवढंच."

यावर भांडणार काय? आमच्या साठीतल्या काकांनाही घरात बाळच म्हणतात.

रात्र लॉजवर काढून दुसऱ्या दिवशी पावणेसातलाच डब्यात जाऊन बसलो. डब्यात मी, एक आजोबा आणि त्यांची छत्री. बाहेर काळी रानं, कणसांवर आलेली ज्वारी, मधूनच तुरीचा पट्टा. हिरेनाळला मी एकटाच उतरलो. एक फलाट, एक कडुलिंब, एक तिकिटाची खिडकी. खिडकीत शरणप्पा. गावचेच, ठेक्याने तिकिटं विकतात. बाहेर त्यांच्या पत्नी काशीबाई कडक भाकऱ्यांची टोपली घेऊन बसलेल्या.

"बर्री, ऊटा माड्री (या, जेवून घ्या)," त्या म्हणाल्या. सकाळचे आठ वाजले होते. मी जेवलो. कडक भाकरी दह्यात चुरायची असते हे न कळल्याने पहिली तशीच चावली. दाढ अजून बोलते.

मग शरणप्पांनी मंदिर दाखवलं. गार गाभारा, मागे पायऱ्यांची विहीर, पाण्यात निळंभोर आभाळ. पर्यटन गाडी असताना या पायऱ्यांवर फोटो काढायला रांग लागायची म्हणे, आणि काशीबाईंची टोपली तासाभरात रिकामी व्हायची. मी त्या गाडीसाठी हळहळू लागलो.

"ती जाऊ द्या," शरणप्पा म्हणाले. "रविवारपुरती होती. अकराची मातुर गावाची. पहाटं सोलापुरात भाजी, दूध घालून माणसं तिनं माघारी यायची. सव्वासातला बाजार तरी उठतो व्हय? आता समदी जीपनं येत्यात. आन् वरनं पत्र आलंय, तिकिटं वाढली न्हाईत तर थांबाच काढणार. मग ही खिडकी बंद."

मोठ्या खिडक्यांसाठी सुस्कारे टाकत आलो होतो मी. इथे होती नव्हती ती एवढीशी खिडकी जायची वेळ आली होती.

संध्याकाळी परतीची गाडी यायच्या आधी शरणप्पा म्हणाले, "येतानाचं तिकीट दावा की जरा. लई दिसांनी सोलापूरहून कुणीतरी हितलं तिकीट काढून आलंय."

मी ते ऐटीत पुढे केलं. त्यांनी ते उजेडात धरून वाचलं.

"हे शेवटच्या स्टेशनाचं हाय."

इतक्या लहान गावाचं तिकीट मिळत असेल असं मला वाटलंच नव्हतं. शिवाय पैसे जास्त गेले म्हणजे रेल्वेचं भलंच झालं, असा माझा हिशेब.

"म्हंजी कागदावर तुमी हितं आलाच न्हाय," शरणप्पा शांतपणे म्हणाले.

मी ओशाळून परतीची दोन तिकिटं मागितली. त्यांनी एकच दिलं. "एका माणसाला एकच. खोटं गिऱ्हाईक नको आपल्याला."

लांबून भोंगा ऐकू आला. काहीतरी भरपाई करावी म्हणून मी म्हणालो, "शरणप्पा, घरी गेल्यावर मी यावर सविस्तर लिहितो. लोक वाचतील, येतील."

काशीबाई माझ्यासाठी भाकऱ्या कागदात बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिवा की. पर पुढच्या खेपंला कुणीतरी अडाणी माणूस संगट आणा. तिकीट काढायला."