मोजा लावू की नको

माझी थोरली बहीण झुलैका चाळीस वर्षं ब्राझीलमधल्या क्रातो गावात फोटो रंगवते. लोक घरातले टीचभर काळे-पांढरे फोटो आणतात, ती ते मोठे करून रंग चढवते. पुरुषाला निळा कोट, बाईला गुलाबी झगा, मागे आकाशी रंग. जन्मात कोट न घातलेला गुराखीही आमच्याकडून कोटातच बाहेर पडतो. मेलेल्यांचे मिटलेले डोळे ती उघडते. वयस्कर बाईचा नवा फोटो काढायचा असला की कॅमेऱ्याच्या भिंगावर झिरझिरीत मोजा ताणते, म्हणजे सुरकुत्या विरघळतात. मोजा माझा असतो, पण मला कोण विचारतो? मी चौकटी ठोकणारी.

मार्लूसीबाई आली ती नवऱ्याचा ओळखपत्रावरचा फोटो रुमालात बांधून. एव्हेराल्दो सत्ताविसाव्या वर्षी साओ पावलोला बांधकामावर गेला आणि तिथेच पडून मेला. मार्लूसी आता सदुसष्टची. दोघांचा एकत्र फोटो एकही नाही.

"आम्हाला शेजारी बसवा, झुलैकाबाई. तो वरून बघत असेल. मी गेल्यावर मला ओळखायला नको? भिंतीवर रोज मला बघून त्याला सवय झालेली बरी."

झुलैकाने मोजा दुहेरी ताणला, गाल गुलाबी केले, झगा गुलाबी केला. मार्लूसी न्यायला आली आणि तिचं तोंडच उतरलं.

"ही कोण सटवी माझ्या नवऱ्याला चिकटलीय?"

"अहो, तुम्हीच त्या!" मी म्हणाले.

"मी? माझे गाल तेव्हाही उन्हाने रापलेले होते. ही कोणी भलतीच आहे."

मग झुलैकाने एव्हेराल्दोचे केस पिकवले, कपाळावर आठ्या घातल्या.

"हा तर माझा सासरा! जिवंतपणी डोकं खाल्लं, आता फोटोतही?"

त्या दिवशी झुलैकाने ब्रश कॉफीत बुडवला. "इव्होनेत, माझं काय चुकतंय गं?" मला तरी काय कळणार? तिला तरुण केलं तर ती परकी, त्याला म्हातारा केलं तर तो परका, आणि दोघांना आहे तसं ठेवलं तर मायलेक. आठवडाभर आम्ही दोघी नुसत्या गोंधळून त्या फोटोंकडे बघत होतो.

मार्लूसी पुन्हा आली तेव्हा झुलैकाने तिलाच विचारलं, "तुम्हीच सांगा, वर त्याला भेटणार कोण?"

"मीच की. अशीच. दुसरी कुठून आणू?"

झुलैकाने भिंगावरचा मोजा काढून ठेवला. मार्लूसी होती तशी बसली, विटक्या हिरव्या झग्यात. झुलैकाने तोच विटका हिरवा रंग कालवला, खांद्यावरचं ठिगळसुद्धा रंगवलं. एव्हेराल्दो सत्तावीसचाच राहिला.

मार्लूसीने फोटो उजेडात धरला. "लोक म्हणतील, लेक आहे. म्हणू देत." मग झग्यावरून हात फिरवत म्हणाली, "हा आता पेटीत ठेवते. पुरताना हाच घालायला सांगेन. चेहरा नाही पटला तरी झगा पटेल त्याला."

मला रडू आलं. चौकट वाकडी ठोकली गेली.

तेव्हापासून झुलैकाचं काही खरं नाही. मोजा हातात धरून प्रत्येकीला विचारते, "बाई, कोणी तुम्हाला ओळखायला हवंय?" निम्म्या बायका घाबरून निघून जातात. काल मी स्वतः खुर्चीत बसले, तर मलाही तेच. मी लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत. किती आठवलं, एक नाव सुचेना.

"तू ओळखलंस तरी पुरे," मी म्हणाले.

तिने मोजा माझ्या मांडीवर ठेवला आणि तसाच फोटो काढला.