तेलगावातला बाळ सांभाळायचा वर्ग

तेलगावात बाळ सांभाळायला कुणी बाई ठेवत नाही, हे मला बाळ सांभाळायचा वर्ग काढल्यावर कळलं. उभा जन्म इथंच गेला, पण असल्या गोष्टी आधी कोण बघतो! माझी दोन्ही मुलं सासूबाईंनी वाढवली. न्हाऊन-माखून, पावडर लावून तयार झाली की मी घ्यायची.

आमच्या ह्यांचं खताचं दुकान आहे. ते म्हणाले, "तू शिकवणार? बाळ उभं धरायचं की आडवं, ठाऊक आहे का?"

"मोबाइलवर सगळं आहे," मी म्हटलं.

चार बाया आल्या. सरावाला खरं बाळ कोण देणार? मग बारशाला गुंडाळतात तसा वरवंटा दुपट्यात गुंडाळला. ढेकर काढायला तो खांद्यावर घेतला की बाया हसून आडव्या व्हायच्या. एकीच्या हातून बाळ सटकलं ते थेट ह्यांच्या अंगठ्यावर. हे लंगडत दुकानात जायला लागले. गिऱ्हाइकानं विचारलं की सांगायचे, "बाळ पडलं पायावर." (गावात चौकशी सुरू झाली, या वयात ह्यांच्या घरी बाळ कुणाचं?)

त्या चौघींत जीव लावून शिकायची ती राधा. दरसाल पोरगी सासूपाशी ठेवून नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. यंदा सासू वारली.

"काकू, पिंकीला फडात न्यायची म्हंजे लई हाल. थंडीत पाचटाच्या कोपीत पडंल ती," राधा म्हणाली. "मला हितंच काम लावा. दिसभर कुणाचं बी लेकरू सांभाळते. रातच्याला माझी पिंकी माझ्यापाशी असली की झालं."

"लागेल की," मी म्हटलं. जणू कामं माझ्या कपाटातच होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे सासूबाई आहेत." शाळेतल्या बाई म्हणाल्या, "आई आलीय माझी, धर्मापुरीहून." ज्या घरात जावं तिथं एक आजी पाय पसरून बसलेली. सगळं गाव पालथं घातलं, चहा तेवढा भरपूर झाला.

शेवटी पुण्याहून माझ्या लेकीचा, मनीषाचा फोन आला. "आई, राधाला माझ्याकडेच पाठव. बाळासाठी रात्रंदिवस राहणारी हवीय. फक्त तिची मुलगी नको हं, फ्लॅट लहान आहे."

मी पेढे घेऊन राधाच्या घरी गेले. अक्कल म्हणतात ती हीच! राधानं पेढा हातात धरला, खाल्ला नाही. ऊसतोडीला न्यायला मुकादमाचा ट्रक दोन दिवसांवर आला होता.

"पिंकीला फडापरीस तुमचं घर बरं," ती म्हणाली. "तुमी तर शिकवता." आणि तिनं पिंकीला माझ्या मांडीवर ठेवलं. मला यातलं काही येत नाही, हे सांगायला तोंडच उघडेना.

राधा पुण्याला गेली आणि पिंकीनं जे रडं लावलं ते थांबेना. मोबाइलवरचं सगळं करून झालं. पाठ थोपटली, कोमट दूध पाजलं, खुळखुळा वाजवला. ह्यांनी दुखऱ्या अंगठ्यावर नाचून दाखवलं. ती ह्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. दाराकडे बघून "आय, आय" करायची. पुढं घसा बसला, आवाज फुटेना, तरी तोंड तसंच हलायचं. मला ते बघवत नव्हतं. मी आत जाऊन भांडी घासत बसायची, घासलेलीसुद्धा.

मग राधाचा फोन आला. मागं माझा नातू खिदळत होता.

"काकू, पिंकी रडती का?"

"छे गं. मजेत आहे. आत्ताच जेवली, खेळतीय."



"काकू," ती म्हणाली, "लेकरू रडत असलं तरी मालकिणीनं फोनवर इचारलं की असंच सांगायचं, हे वर्गात तुमीच शिकिवलं हुतं."

मूल सांभाळण्यातलं एवढं एक तरी आपल्याला जमतं, अशी माझी समजूत होती. त्यातही नापास झाले.