खंडेनवमीला बदललेलं ड्रॉइंग

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. गेल्या खंडेनवमीला, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. वेळ माझ्या मनातली नाही, कंपनीच्याच कॉम्प्युटरनं नोंदवून ठेवली आहे.

ताई शेंद्र्याच्या एका कंपनीत विमानाची आतली बाजू आखते. आठ-नऊ शेठ लोकांना घेऊन उडणारं, मधल्या आकाराचं जेट. करमाडहून ती कामाला जाते काळीपिवळीत, चौघांच्या जागेत सातवी बसून. आणि दिवसभर डोकं कशात, तर शेठजींना पाय पसरायला चार बोटं जास्त कशी मिळतील. मी एसटीच्या फेऱ्या वाढवा म्हणून पत्रकं वाटायचे, तेव्हा ती म्हणायची, "तू एसटी माग, मी विमान आखते. बघू, आधी काय येतंय."

विमान कागदावर जमलं की आधी त्याचं खऱ्या मापाचं प्लायवूडचं खोकं करतात. खुर्च्या, टेबल, दारं, सगळं जागच्या जागी. फक्त उडत नाही. एकदा कंपनीनं घरच्यांना बघायला बोलावलं, तेव्हा आई नऊवारी सावरत त्यात बसली. खुर्ची गोल फिरते हे कळल्यावर तिला लई मौज वाटली. दोनदा फिरली, आणि तिसऱ्यांदा खुर्चीची पाठ नेमकी पंखावरच्या संकटकालीन दारासमोर येऊन अडली.

"अगं, आग लागली तर हितून निघायचं कसं?"

खोकं बनवणारे मिस्त्रीचाचा हसले. "अम्मा, बड़े लोगां हैं, जलते नईं."

ताई हसली नाही. तेच ड्रॉइंग तिच्या साहेबांनी तीन बैठकांत, समोसे खात, पास केलं होतं. पुढचे तीन आठवडे ताई त्या एका खुर्चीला चिकटून होती. दार झाकायच्या आधीच खुर्ची थांबेल, अशी नवी मांडणी तिनं आखली. मिस्त्रीचाचांनी ती खोक्यात बसवली. आईला मुद्दाम परत बोलावलं. कितीही फिरवली तरी दार मोकळं.

ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिथं आखणाऱ्याचं नाव. ज्याचं नाव, तो पहिलं खरंखुरं विमान बांधणाऱ्या टीममध्ये. ताईला एवढंच हवं होतं.

मग खंडेनवमी आली. कॉम्प्युटर बंद, पडद्यांना झेंडूच्या माळा, कीबोर्डांवर हळदकुंकू. त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, असा रिवाज. साडेअकराला खोक्यापुढं नारळ फुटला, सगळी कंपनी शेडमध्ये आरतीला उभी. साहेब तेवढे नव्हते. कुणीतरी म्हणालं, "महत्त्वाचा फोन आहे."

सुट्टीनंतर ताईनं कॉम्प्युटर उघडला, तर चौकटीत साहेबांचं नाव, आणि बदलाची नोंद खंडेनवमीची, अकरा चाळीसची, ऐन आरतीतली. तिच्याच कीबोर्डवर कुंकू एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर फासलेलं. रिवाज मोडताना निदान कीबोर्ड पुसायची अक्कल तरी असावी! पण मोठ्या माणसांना पुसायची सवय कुठली, त्यांचं सगळं दुसरेच पुसतात.

ताई एचआरकडं गेली. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "खंडेनवमीला आपल्याकडं कुणी मशीनला हात लावतं का?"

"नाही."

"मग बदल होईलच कसा? वेळ चुकीची पडली असेल."

म्हणजे आख्ख्या कंपनीत कॉम्प्युटर तेवढा नास्तिक निघाला.

सहकाऱ्यांना विचारलं. "ताई, आमचं ध्यान आरतीत होतं हो." केवढी ही भक्ती! खोबऱ्याचा मोठा तुकडा कुणी पळवला, हे मात्र सगळ्यांना आठवतं. एकटे मिस्त्रीचाचा म्हणाले, "मैं बोलूँगा, बेटा." त्यांना सांगण्यात आलं की पूजेच्या बाबतीत त्यांची साक्ष कशाला. ते आरतीला पहिल्या रांगेत उभे होते, नारळही त्यांनीच फोडला होता.

टीमची यादी या महिनाअखेरीस लागते आहे. साहेब त्यात आहेत. ताईला सध्या शेठजींच्या कपबश्यांचं कपाट आखायला दिलंय.

त्या आरतीला टाळ्या वाजवणारे हे वाचतील, याची सोय मी केली आहे. पत्रकं वाटायची सवय आहे मला. तेव्हा तुम्हालाच सांगते. कागद घ्या. लिहा : साहेब आरतीला नव्हते. खाली स्वतःचं नाव घाला, सही करा, आणि यादी लागायच्या आत ताईच्या टेबलावर, सगळ्यांदेखत, नेऊन ठेवा.