अण्णांनी चालवलेली शेवटची गाडी

पोरगं गेम खेळतं म्हणून बाप ओरडतो, हे घरोघरी चालतं. आमच्याकडं उलटं होतं. गेम बाप खेळायचा आणि मी, नववीतली पोरगी, शेजारी उभी राहून चरफडायचे. आता कुणी माझ्यासमोर म्हणालं की गेम म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, तर मी काही बोलत नाही. काय बोलायचं? माझ्या बापाचा सगळा जीव एका फायबरच्या खुर्चीत अडकला होता, हे ऐकून लोक हसतीलच.

आम्ही शहागडचे. हायवेच्या मागं दोन खोल्यांचं घर, आणि गोदावरीच्या पुलाकडं निघालेल्या ट्रकांची घरघर दिवसभर कानात. माझे वडील, अण्णा, ट्रक डायवर होते. कापसाच्या गाठी, साखर, कांदा, मालक सांगेल ते आणि सांगेल तिथं. ट्रक मालकाचा, पण अण्णा त्याला ‘माझी गाडी’ म्हणायचे आणि मालकाचीही त्याला हरकत नव्हती. घरात अण्णा पाहुण्यासारखे अवघडून बसायचे. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. स्टेअरिंगवर बसले की मात्र माणूस खुलायचा. मला हे लहानपणापासून माहीत होतं आणि त्याचा रागही यायचा.

मी आठवीत असताना त्यांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी दाढी करता करता डावा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. जालन्याच्या दवाखान्यात नेलं, जीव वाचला. पुढं हळूहळू तोंड सरळ झालं, पाय उचलायला लागला, हाताची मूठ वळायला लागली. भेटायला येणारे म्हणायचे, थोडक्यात निभावलं म्हणा. अण्णांचं त्यावर एकच तुणतुणं, गाडी कधी?

मालक माणूस बरा होता. ‘डायवर, खंडेनवमीला गाडीची पूजा करू आन त्याच दिवशी चावी तुमच्या हातात देतो,’ असं त्यानं घरी येऊन सांगितलं. तोपर्यंत दुसरा माणूस गाडी चालवणार होता. अण्णा त्या खंडेनवमीकडं डोळे लावून बसले. पण माय अडून बसली. ‘आधी पक्की खातरी करा. कुणाचं लेकरू चाकाखाली आलं तर मला तोंड दाखवू नका,’ असं ती भाकरी थापता थापता सरळ सांगायची. खातरी करायची तर गाडी पाहिजे, आणि खातरी झाल्याशिवाय गाडी कोण देणार?

हाताच्या व्यायामासाठी त्यांना जालन्याला न्यावं लागायचं. माय कापूस वेचायला जायची, म्हणून सोबत मी. अंबडमार्गे एसटीनं जायचं, दवाखाना उरकायचा, परत यायचं. एकदा परतताना जालन्याच्या स्टँडवर कळलं की आमची बस लागायला अवकाश आहे. समोरच्या गाळ्यात व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दाराला मळका पडदा, आत अंधार, पोरांचा गलका आणि बंदुकांचे आवाज. मी नाक मुरडून पुढं निघाले तर अण्णा थांबलेले. पडद्याच्या फटीतून त्यांना आतलं स्टेअरिंग दिसलं होतं.

‘अण्णा, ते पोरांचं हाय,’ मी म्हटलं.

‘असू दे. बघून येऊ जरा.’

ते रेसिंगचं मशीन होतं. बसायला खुर्ची, पुढं स्टेअरिंग, पायाशी एक्सलेटर आणि ब्रेक, बाजूला गिअरचा दांडा आणि समोर टीव्हीसारखी काच. अण्णा बसले, स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावला, आणि मागची पोरं फिदीफिदी हसली. एकाच्या कानाखाली वाजवावी असं मला फार वाटलं. रेस सुरू झाली. सगळ्या गाड्या भर्रकन निघून गेल्या आणि आमचे अण्णा आपले बेतानं, कडेकडेनं निघाले. मागून गाडी आली की उजवा हात बाहेर काढून ‘जा पुढं’ म्हणायचे. अंगठ्यानं हॉर्न शोधायचे. वळण आलं की आधीच गिअर खाली. थोड्या वेळात काचेवर अक्षरं आली आणि गाडी बंद पडली.

‘काय झालं?’

‘टाइम संपला,’ दुकानवाला म्हणाला.

‘सडकंवर कधी टाइम संपत असतो का? आपण नीट चालवून राह्यलो ना?’ अण्णा त्याच्यावर भडकले. दुकानवाला हसला, पण तरुण असून त्यानं उलट उत्तर दिलं नाही, हे मला आवडलं.

दुसऱ्या डावात अण्णांनी वेग घेतला आणि गाडी डावीकडं घासायला लागली. कधी कठड्याला, कधी शेजारच्या गाडीला, एकदा तर सरळ उभ्या टँकरला. उजवीकडं एक ओरखडा नाही. अण्णा घामाघूम झाले. मग स्टेअरिंगवरचे हात काढून म्हणाले, ‘बराबर हाय. याला क्लीनर न्हाई ना.’

हे ट्रकवाल्यांनाच कळेल. डायवर बसतो उजवीकडं, त्यामुळं एवढ्या मोठ्या गाडीची डावी बाजू सांभाळायची क्लीनरनं. तो डाव्या दारातून मुंडकं बाहेर काढून ओरडत असतो, दार थोपटत असतो. आने दो, दबा, रोक के. डायवर तिकडं बघतसुद्धा नाही. अण्णांची सगळी उमर अशी दुसऱ्याच्या डोळ्यांवर डावीकडून गाडी काढण्यात गेलेली. मलाही ते पटलं. पटणारच, मी डायवरची पोरगी.

‘तू हो क्लीनर,’ अण्णा म्हणाले.

पुढच्या वेळेला मी खुर्चीच्या डाव्या बाजूला उभी राहिले. आधी लाजेनं आवाज फुटेना. त्या अंधाऱ्या दुकानात पोरीची जात मी एकटीच. मग बापाची गाडी कठड्याकडं सरकताना दिसली आणि मी ओरडले, ‘डाव्या अंगाला कठडा, दबा उजवीकडं!’ अण्णांनी गाडी अल्लाद काढली. मग मी थांबलेच नाही. ‘लाल गाडी आली, येऊ द्या... गेली. आता मोकळं हाय.’ आणि अण्णा काय चालवायचे म्हणून सांगू! वळणावर अशी गाडी घालायचे की हसणारी पोरं आपले गेम सोडून आमच्या मागं येऊन उभी राहायची. रेस संपली तर आम्ही पुढच्यांत होतो. अण्णांनी माझ्या पाठीत थाप मारली. बापानं मला अशी थाप त्याआधी कधी मारलेली आठवत नाही. त्या दिवशी बसमध्ये त्यांनी मला भेळ घेऊन दिली आणि इंदूरच्या घाटातली एक हकिगत सांगितली, तीही माझ्याकडं तोंड करून. मला वाटलं, झालं, अण्णा बरे झाले.

घरी येऊन त्यांनी मायला सांगितलं, ‘खातरी झाली. हात बराबर चालून राह्यला.’ कशावर खातरी झाली हे मायला सांगायची आम्हा दोघांची छाती नव्हती.

मग प्रत्येक फेरीला आम्ही तिथं जायला लागलो. दुकानवाला आमच्यासाठी ते मशीन रिकामं करून द्यायचा. एकदा तो म्हणाला, ‘काका, पुण्यात आता नवीन आलंय. डोक्याला टोपासारखं घालायचं, डोळ्यांसमोर चित्र. मान फिरवली की चित्रपण फिरतं. जणू आपण आत बसलोय.’

अण्णांनी त्याला परत परत विचारलं. ‘मान डावीकडं नेली तर डावीकडचं दिसतं का?’

‘हां, मग. सगळं दिसतं.’

‘तसं पाहिजे. ही काच लई लहान हाय,’ अण्णा म्हणाले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. काच लहानच होती.

खंडेनवमी जवळ आली आणि नेमका माझा घसा बसला. बोलायला गेले की नुसती हवा. तरी आम्ही दुकानात गेलोच. मी खुणेनं सांगितलं, तोंडानं जमणार नाही, हातानं दाखवते. अण्णांनी मान डोलावली. रेस सुरू झाली. डावीकडं बस आली तसा मी पंजा हलवला. अण्णा तसेच बसच्या अंगावर. पुन्हा सुरू केली. मी दोन्ही हात हलवले, अगदी त्यांच्या कानाजवळ नेऊन हलवले. गाडी कठडा फोडून खाली.

‘अगं, सांगायचं न्हाई का?’

‘हात केला ना,’ मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

‘कुठं?’

मला वाटलं, थट्टा करतायत. मग त्यांचं तोंड बघितलं. ते खरंच विचारत होते. मी माझा हात त्यांच्या डाव्या कानापासून हळूहळू पुढं आणला. डोळा हलेना. गालापाशी आणला, तरी नाही. पंजा नाकासमोर आला तेव्हा ते दचकून मागं सरकले, जणू मी आत्ताच कुठून तरी उगवले होते. डोळे साफ होते. दवाखान्यात भिंतीवरची अक्षरं त्यांनी घडाघडा वाचली होती. पण जगाचा डावा अर्धा भाग त्यांच्यासाठी नव्हताच, आणि नाही हेही त्यांना कळत नव्हतं.

तिथल्या तिथं मला आमच्या घरातली रोजची भांडणं आठवली. ताटात डावीकडं वाढलेली चटणी तशीच ठेवून अण्णा उठायचे आणि वर म्हणायचे, चटणी वाढली नाही. ‘अन्नाला नावं ठेवायची सवय लागली यांना,’ म्हणून माय चिडायची. डाव्या बाजूनं कुणी हाक मारली तर ते भलतीकडंच बघायचे. आम्ही म्हणायचो, आजारपणानं माणूस चिडका झाला. सगळं आमच्या डोळ्यांपुढं होतं आणि आम्ही त्यांच्यावरच करवादत होतो.

स्टँडवर मी त्यांना हे सगळं घोगऱ्या आवाजात सांगितलं. परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीशी बसले. अंबड मागं पडलं. मग म्हणाले, ‘गाडीत क्लीनर असतोच की डाव्या अंगाला. आपल्या क्लीनरला मी नीट तयार करीन. कुणाला कळायचं बी न्हाई.’

‘आन त्याला डुलकी लागली तर?’

‘तू लई बोलती.’

‘त्याचा बी घसा बसला तर, अण्णा?’

त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. मला रडू येत होतं आणि त्यांचा संतापही येत होता. एवढा मोठा माणूस, त्याला मी काय सांगणार? मायला सांगावं तर तिनं गावभर करून गाडी बंद पाडली असती आणि अण्णा माझ्याशी जन्मात बोलले नसते. न सांगावं तर मायचंच वाक्य कानात वाजत होतं. खंडेनवमीपर्यंत मी कुणालाच सांगितलं नाही.

खंडेनवमीला सकाळी मालकानं गाडी आमच्या घरासमोर आणून लावली, अण्णांचा मान म्हणून. धुऊन लखलखीत केलेली, बोनेटवर झेंडूच्या माळा, आरशांना आंब्याचे डहाळे. जॅक, पाना, टामी पुढं मांडून हळदीकुंकू वाहिलं. क्लीनर चाकांखाली लिंबं ठेवत होता. पूजा झाली की डायवरनं गाडी थोडी पुढं घ्यायची आणि लिंबं चिरडायची, अशी रीत. गल्लीतले सगळे जमले होते. मालकानं चावी अण्णांच्या हातात ठेवली. अण्णांनी पांढरा सदरा घातला होता. किती तरी दिवसांनी ते कॅबिनमध्ये चढले, आणि चढताना त्यांचा पाय जरासुद्धा अडखळला नाही. मी त्यांच्या दाराशी, उजवीकडं उभी होते.

त्यांनी गाडी चालू केली. इंजिन धडधडलं तसं त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला वाटलं, जाऊ दे, चालवू दे यांना, काय व्हायचं ते होवो. गिअरवर हात गेला. मग ते थांबले. समोर बघितलं, आरशात बघितलं, आणि दारातून वाकून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, ‘पोरी, डाव्या अंगाला कोण हाय?’

डाव्या चाकापुढं, अगदी काचेच्या समोर, माय आरतीचं ताट घेऊन उभी होती. हिरवं लुगडं, ताटात जळती निरांजनं. सगळ्या गल्लीला दिसत होती.

‘माय हाय,’ मी म्हटलं.

अण्णांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. खाली उतरले, चावी मालकाच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘पाय साथ देईना, मालक. दुसरा डायवर बघा.’ कुणी काही म्हणायच्या आत ते घराकडं वळले. माय धावत त्यांच्या मागं आली. ती पोचायच्या आधी मला दंडाला धरून ते हळूच म्हणाले, ‘तिला सांगू नको. ती मला दिसली न्हाई म्हणून.’