वाघ-बकरीचा प्रोग्रॅम

काल दुपारी मी ह्यांना मुद्दाम जिंकू दिलं.

आज पहाटे हे गेले.

सकाळपासून लोक येतायत, हात हातात घेतायत. रडू तर येतंयच. पण खरं सांगू? जास्त लाज वाटतेय.

हे म्हणजे तुमच्यातल्या निम्म्या लोकांचे गणिताचे सर. पण सरांचा वाघ-बकरीचा प्रोग्रॅम तुमच्यापैकी कुणाला माहीत नसेल. घरात तो विषय आम्ही काढत नव्हतो.

बाहत्तरचा उन्हाळा. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. नगरजवळ केडगावला दोन खोल्यांत राहायचो आणि ह्यांच्या डोक्यात एकच खूळ होतं, वाघ-बकरी खेळणारा प्रोग्रॅम. बकऱ्यांची बाजू मशीन खेळणार, आपल्या अकलेनं वाघाला कोंडणार.

मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, कुठे होतं? पुण्याला, एका मोठ्या संस्थेत. तिथल्या सायबांनी एक तास द्यायचं कबूल केलं होतं. जमलं तर तिथेच नोकरी.

म्हणजे त्या एका तासावर सगळं होतं.

ह्यांनी प्रोग्रॅमचे तुकडे पाडले होते. एक तुकडा पट बघणार. दुसरा चाल ठरवणार. तिसरा सोंगटी हलवणार.

"आणि कुणी दुसऱ्याच्या आत डोकवायचं नाही," हे सांगायचे. "फक्त चिठ्ठी द्यायची आणि चिठ्ठी घ्यायची. मग एक तुकडा बदलला तरी बाकीचे बिघडत नाहीत."

मला काय कळत होतं! मी हो हो म्हणायचे.

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. शेवगावहून, माझ्या माहेराहून, जावयाला बोलावणं. पुरणाचे धोंडे, नवे कपडे, सगळा थाट.

आणि ह्यांनी काय करावं? मशीन नाही तर नाही, म्हणून माझ्या माहेरच्या माणसांचंच मशीन केलं!

मी डोळे. ओसरीवर बसून पटावर काय कुठे आहे ते चिठ्ठीवर लिहायचं.

आई डोकं. चौथी शिकलेली होती, वाचता यायचं. ती आत स्वयंपाकघरात, हातात ह्यांनी लिहिलेल्या सूचनांचा कागद. माझी चिठ्ठी वाचायची, कागदाप्रमाणे चाल काढायची, चिठ्ठी परत पाठवायची.

हे स्वतः हात. बकरी हलवायची, एवढंच.

समोर वाघ घेऊन आमचे अण्णा. माझे वडील. शेवगावच्या बाजारात त्यांच्यासमोर पट मांडायला माणसं कचरायची.

अण्णा हरले.

दोन्ही वाघ कोंडले गेले. अण्णांनी उडीला एखादी वाट उरलीय का ते बोटानं तपासलं. मग म्हणाले, "जावाईबापू, तुमचं मशीन लई हुशार हाय!"

ह्यांचा चेहरा! लग्नातसुद्धा इतके खुश नव्हते.

पुण्याला मी पण गेले. नवी साडी नेसून शेवटच्या रांगेत बसले.

मशीन खेळायला लागलं आणि ह्यांच्या बकऱ्या एकेक करून सरळ वाघाच्या तोंडात गेल्या.

पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "नगरच्या बकऱ्या फार भोळ्या दिसतात."

सगळे हसले. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले. मी त्यांची बायको आहे हे कुणाला कळू नये असं वाटलं. हो, वाटलं.

एसटीत हे एवढंच बोलले, "शेवगावात तर जिंकला होता."

पुढच्याच आठवड्यात मी शेवगावला जाऊन आईला विचारलं. तिनं लपवलं नाही.

"मग काय करू? कागदावरची चाल लई येडी हुती. म्या माज्या मनानं लिवली. धोंड्याला आल्याला जावाई माज्या दारात हारला आसता, बाई!"

म्हणजे अण्णांना हरवलं ते आईनं. चुलीपाशी बसून, पट न बघता. तिला आयुष्यात कुणी पटावर बसवलं नव्हतं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. माझ्याच माहेरानं मातीत घातलं, मान वर होईना. वाटलं, आता चिडतील.

ह्यांनी तो सूचनांचा कागद काढून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "त्यांचं काही चुकलं नाही. आत डोकवायचं नाही हा नियम माझाच. पण आधी एकेक तुकडा वेगळा तपासायला हवा होता. मी तपासला नाही."

आणि मग, जरा कडकपणे, "फक्त एक कर. यापुढे या घरात मला कुणी मुद्दाम जिंकवायचं नाही."

नोकरी गेली ती गेलीच. पुण्याचं कुणी विचारलं तर म्हणायचे, "प्रोग्रॅम चुकला." माझ्या आईचं नाव कधी घेतलं नाही. आई जाईपर्यंत दर दिवाळीला तिला मात्र पटावर बसवायचे आणि हरायचे. खरंखुरं.

आता आमची लेक पुण्यात तेच काम करते. एआय एजंट म्हणतात म्हणे. एक बघतो, एक ठरवतो, एक करतो. "बाबा, आम्ही प्रत्येक मॉड्यूल आधी एकटं टेस्ट करतो," असं फोनवर म्हणाली तेव्हा हे लहान मुलासारखे हसले होते.

काल दुपारी म्हणाले, पट काढ.

उशीला टेकून बसले. बकरी घरात नीट ठेवता येत नव्हती. माझ्याकडे वाघ.

एक बकरी उघडी पडली. वाघानं उडी मारून ती खाल्ली असती तर डाव माझा होता.

मी वाघ दुसरीकडे हलवला.

ह्यांनी कोंडला. जिंकले. पण हसले नाहीत.

"उडी होती."

"दिसली नाही हो."

माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "डोळे तर तुझंच काम होतं."

आणि कूस बदलली. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

अहो, उडी दिसली होती मला.

एवढं काल तुम्हाला सांगायचं राहून गेलं. नमस्कार करते.