शिडाच्या बोटीला मोटर

"घाई कसानी शे?" असं म्हणत शेजारचे काका आधी बोटं फडक्याला पुसत आणि मगच समोरच्याकडे बघत. नामपूर हे गाव सोडून त्यांना जन्म लोटला होता, तरी 'घाई कसली आहे' हे वाक्य अहिराणीतच राहिलं. अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्सला असताना ते साहेबांनाही हेच ऐकवत असणार.

निवृत्तीनंतर अशी माणसं काय काय करतात, तुम्ही पाहिलं असेल. यांनी जुनी शिडाची कॅटामरान घेतली. दोन अरुंद होड्या शेजारीशेजारी आणि मध्ये ताणलेली जाळी, एवढाच तिचा थाट. गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत बोट घेणारे ते एकटेच. रविवारी मला धरणावर ओढून नेत. काकू कधी आल्या नाहीत. "मला पाण्याची भीती वाटते," म्हणायच्या आणि डबा द्यायच्या.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. त्यातून उठले, पण डावा हात कामातून गेला. शिडाची दोरी एका हाताने आवरेना. मी ओढतो म्हटलं, तर म्हणाले, "मग मी काय सामान म्हणून बसू?" बोट विकायचं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात ते विजेवर चालणारी छोटी मोटर घेऊन आले.

ती त्यांनी उजव्या होडीच्या मागे बसवली, कारण चालणारा हात उजवा. पाण्यात उतरताच बोट डावीकडे गोल फिरू लागली. उजव्या हाताने मोटर धरलेली, सुकाणूला दुसरा हात आणायचा कुठून? काठावरचे कणीसवालेसुद्धा हसले. "घाण्याचा बैल झालो रे," म्हणत काकाही हसले.

मग मोटर दोन्ही होड्यांच्या मधोमध, मागच्या आडव्या पाइपवर घेतली. सगळं जुळलं तो दिवस नेमका खंडेनवमीचा. मी म्हटलं, "काका, एक फेरी मारू."

त्यांनी मोटरीला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. "आज यंत्राला सुट्टी. उद्या." कारखान्यातही त्या दिवशी ते कुणाला बटणाला हात लावू देत नसत.

दसऱ्याच्या पहाटे दुसरा झटका आला. दवाखान्यात पोचेपर्यंत काका गेले.

दिवसकार्य झाल्यावर काकूंनी मला बोलावलं. "ती मोटर चालते का, मला बघायचंय."

लाइफ जॅकेट घालून त्या जाळीवर पुढे बसल्या. मी मागे बसून बटण दाबलं. बोट अगदी सरळ निघाली. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आत काही हललंच नाही. पाणी मागे जात होतं आणि मी ते बघत होतो.

"चालू शे का?" काकूंनी विचारलं. मोटरीला आवाजच नव्हता.

"चालू आहे."

त्या मागे वळल्या आणि म्हणाल्या, "तू जरा बाजूला सरक. तिथे ते बसणार होते."

मी सरकलो. मोटरीचा दांडा हात लांब करून धरला.