ताराकाकीचं वाळवण

ताराकाकी गेल्याचा निरोप हातकणंगल्याला माझ्या सासरी आला आणि मी मिळेल त्या गाडीनं कोल्हापूर गाठलं. पोचले तर काकीच्या अंगावर सगळ्यांत मोठा हार समोरच्या शेठचा. मी तो उचलला आणि गोठ्यात म्हशीपुढे टाकला. म्हशीनं खाल्ला. चार बायका बघत राहिल्या, बघू देत. महिना होऊन गेला, मला अजून पस्तावा झालेला नाही.

काकी कोकणातली, कोळ्याची लेक. काका मालट्रक घेऊन गगनबावड्याचा घाट उतरायचे आणि मासळी भरून यायचे. अठ्ठेचाळीस साली मासळीबरोबर बायकोही घेऊन आले. तिच्या गावाचं नाव इथं लिहीत नाही. तिथल्या बंगल्यांची फुकट जाहिरात मी कशाला करू? आमच्या घरात मटणाचा रस्सा चालायचा, सुक्या मासळीला मात्र बंदी. आई नाकाला पदर लावून म्हणायची, "तारे, त्ये बोंबलाचं भांडं माझ्या चुलीवर ठेवू नगंस." काकी "बरं, अक्का" म्हणायची आणि परसात तीन दगड मांडायची. वर्षभरात तिची बोली कोल्हापुरी झाली, शिव्या तेवढ्या किनाऱ्यावरच्याच राहिल्या...

मग शेठला समुद्राची हवा मानवली. त्यानं तिथल्या खोताकडून किनाऱ्याची जागा घेतली, माडांखाली बंगले बांधले आणि कोल्हापूर-सांगलीची मंडळी उन्हाळ्यात हवापालटाला जाऊ लागली. त्यांना मासळीचा वास सोसेना. ज्या वाळूवर काकीच्या माहेरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बोंबील वाळवले, तिथल्या काठ्या शेठच्या माणसांनी उपटून टाकल्या आणि वेताच्या खुर्च्या मांडल्या. काकीचा भाऊ मासे धरायचा, पण वाळवणार कुठं? पावसाळ्यात दर्या बंद, तेव्हा घर सुक्या मासळीवरच चालायचं. काकी शेठच्या ओसरीवर गेली आणि भावासाठी होडीभर जागा मागितली. शेठ हसला. "भावाला बंगल्यावर पाणी भराय ठेवतो की. मासं कशाला पायजेत?"

काकी घरी आली ती रडली नाही. काकांना म्हणाली, "दादाचं मासं मीठ चोळून गाडीत घाला. मी हितं गच्चीवर दोऱ्या बांधून वाळवतो."

शेठचं घर आमच्या पूर्वेला. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की आमच्या गच्चीवरून थेट त्याच्या ओसरीत शिरायचा, आणि बंगल्यातल्या खोल्या ठरवायला येणारी माणसं त्याच ओसरीवर बसायची. नाकाला रुमाल लावून ती विचारायची, "शेठ, तिकडंबी असाच वास येतो काय वो?" वरून काकी ओरडायची, "ह्याच्या दुप्पट येतो, पावणं!" शेठनं वकील आणला, भाऊबंद मध्ये घातले, शेवटी चांदीची समई पाठवली. काकीनं वातीच्या जागी बोंबील खोवून ती परत केली. तिच्या हयातीत गच्ची मोकळी राहिली ती फक्त पावसाळ्यात. भावाचं घर त्या गच्चीवर चाललं. मला तिचा हा सूड फार आवडायचा, आजही आवडतो. आई मात्र रोज भांडायची. वासानं तिचं डोकं उठायचं.

तेराव्याला काकीचा भाऊ काकांच्या गाडीतून आला, आणि धरलेले मासे टाकून कसे द्यायचे म्हणून टोपल्याही घेऊन आला. बहीणच नाही म्हटल्यावर त्या कुठं उतरवायच्या, हे त्याला विचारवेना. तेवढ्यात शेठ आला. "मला भनीसारखी हुती," म्हणाला. मग हळूच, "आता तेवढ्या दोऱ्या उतरवा, वैनी. तुमास्नीबी तरासच की."

भाऊ खाली बघत राहिला. आईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा शेठकडं. "च्या घेऊन जावा," एवढं म्हणाली आणि एक टोपली उचलून जिना चढली.

मी मागोमाग गेले. आईनं नाकावरून पदर घट्ट बांधला होता. बोंबील जोडीनं वाळवतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. ते तिला जमेना, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वासानं की कशानं ते मी विचारलं नाही. मी एक जोडी अडकवून दाखवली आणि जवळच्या दोरीवर टाकायला गेले.

"तिथं नगं," आई म्हणाली. "शेठच्या घराच्या अंगाला लाव."